इंग्रजी वाक्यातला कॉमा आणि जोडशब्द: मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी आमच्या लालबागच्या सोसायटीत मी इंग्रजीत एक नोटीस लिहून बोर्डावर लावली. मेन्टेनन्स थकवणाऱ्या सभासदांसाठी होती. त्यातलं मुख्य वाक्य असं:

द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड द मेन्टेनन्स, विल नॉट गेट अ पार्किंग स्टिकर.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका पावत्यांची फाइल घेऊन दारात उभे. "ताई, मी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे भरतो. तुम्ही तर सगळ्यांनाच थकबाकीदार करून टाकलंत." काकांनी उभी हयात हायकोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंग करण्यात घालवलेली. त्यांनी पेन काढून दोन स्वल्पविरामांवर टेकवलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दोन चिन्हांमुळे वाक्याचा अर्थ झाला होता, 'सभासदांनी, म्हणजे एकूण एक सभासदांनी, पैसे भरलेले नाहीत आणि कुणालाही स्टिकर मिळणार नाही.' दोन्ही चिन्हं काढली की अर्थ बरोबर होतो: ज्यांनी भरले नाहीत, फक्त त्यांना नाही.

तोवर फोर्टमधल्या एका कार्यालयात इंग्रजी पत्रांचे मसुदे करण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. शब्द चुकत नव्हते, काळ चुकत नव्हता. कॉमा मात्र मी कानाने देत होते. जिथे श्वास घ्यावासा वाटला तिथे दिला. आता रविवारी सकाळी चाळीतली मुलं-मुली अर्ज, ईमेल, बायोडेटा घेऊन येतात, त्यांच्याही कागदांवर हेच दिसतं. मुलांचं इंग्रजी कच्चं नसतं. मराठी वाक्याची घडण आणि मराठीचा थांबा ती जशीच्या तशी इंग्रजीत नेतात, आणि चूक तिथे होते.

मराठीत जुन्या पोथ्यांमध्ये दंडाखेरीज फारशी चिन्हं नव्हती. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर इंग्रजीतून आली आणि ती रूढ करण्याचं मोठं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. चिन्ह आलं, पण इंग्रजीतलं त्याचं काम पूर्णपणे आलं नाही. आपण ते बहुतेक वेळा थांबण्यासाठी वापरतो. इंग्रजीत ते वाक्याचे सांधे दाखवतं. म्हणून श्वास विसरायचा आणि सांधे शोधायचे. कसे, ते आता क्रमाने बघू. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, तेव्हा स्पेलिंगकडे न बघता फक्त जोडाकडे बघा.

पायरी १: कर्ता-क्रियापदाच्या जोड्या मोजा

वाक्य लिहून झालं की क्रियापदांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला विचारा, 'तुझा कर्ता याच वाक्यात, तुझ्याजवळ, लिहिलेला आहे का?'

ही गॉट डाउन ॲट दादर अँड कॉट द फास्ट ट्रेन.

इथे क्रियापदं दोन, 'गॉट डाउन' आणि 'कॉट'. कर्ता मात्र एकच, 'ही'. एक कर्ता दोन कामं करतोय, म्हणून 'अँड'च्या आधी कॉमा नाही.

ही गॉट डाउन ॲट दादर, अँड हिज ब्रदर वेन्ट ऑन टू ठाणे.

इथे दुसऱ्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता आहे, 'हिज ब्रदर'. दोन्ही बाजूंची वाक्यं एकेकटी उभी राहू शकतात. म्हणून 'अँड'च्या आधी कॉमा.

मराठी माणूस इथे अडतो, कारण मराठीत कर्ता क्रियापदातच लपतो. 'दादरला उतरलो आणि फास्ट पकडली' म्हटलं की 'मी' लिहावाच लागत नाही. त्यामुळे कर्ता मोजायची सवय आपल्याला नसते. ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. सुरुवातीचे पंधरा दिवस पेन्सिलीने रेघा माराच, मनातल्या मनात मोजू नका.

पायरी २: जोडशब्द कोणत्या घरातला, ते ओळखा

ही पायरी तुम्हाला शाळेत आधीच शिकवलेली आहे. आठवी-नववीच्या व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे दोन प्रकार होते, प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक. आणि, किंवा, पण हे शब्द बरोबरीची वाक्यं जोडतात आणि संयुक्त वाक्य होतं. जर, जरी, कारण, की हे एका वाक्याला दुसऱ्यावर अवलंबून ठेवतात आणि मिश्र वाक्य होतं. गुणांसाठी पाठ केलेली ही विभागणी इंग्रजीत जशीच्या तशी कामाला येते.

इंग्रजीत बरोबरीचे जोडशब्द सातच: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. आद्याक्षरं जुळवून शिक्षक 'फॅनबॉइज' असा शब्द करतात. यांच्या दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य असेल तर शब्दाच्या आधी कॉमा. शाळेत रोज म्हटलेली इंग्रजी प्रतिज्ञा आठवा:

आय लव्ह माय कंट्री, अँड आय ॲम प्राउड ऑफ इट्स रिच अँड व्हेरीड हेरिटेज.

एकाच वाक्यात दोन 'अँड'. पहिल्याच्या दोन्ही बाजूंना 'आय' आहे, म्हणून तिथे कॉमाची जागा. दुसरा 'रिच' आणि 'व्हेरीड' ही दोन विशेषणं जोडतो, तिथे नाही. नियम विसरलात तर प्रतिज्ञा म्हणा.

दोन्ही वाक्यं अगदी छोटी असतील, म्हणजे 'ही कॉल्ड बट आय वॉज आउट' इतकी, तर कॉमा गाळला तरी चालतो. शिकत असताना मात्र देतच चला.

एक चूक जवळजवळ प्रत्येक कागदावर सापडते. कॉमा 'बट'च्या आधी देण्याऐवजी नंतर दिलेला असतो: 'आय कॉल्ड हिम बट, ही डिड नॉट पिक अप.' बोलताना आपण 'पण' म्हणून जरा थांबतो, तोच थांबा कागदावर उतरतो. कॉमा जोडशब्दाच्या अलीकडे, कधीही पलीकडे नाही.

दुसऱ्या घरातले शब्द पुष्कळ आहेत: बिकॉज, इफ, व्हेन, ऑल्दो, सिन्स, अनलेस, अनटिल, आफ्टर, बिफोर, व्हाइल. यांचा नियम जागेवर ठरतो. अवलंबून असलेलं वाक्य आधी आलं तर ते संपतं तिथे कॉमा. नंतर आलं तर सहसा कॉमा नाही.

बिकॉज द लोकल वॉज कॅन्सल्ड, आय वॉज लेट.
आय वॉज लेट बिकॉज द लोकल वॉज कॅन्सल्ड.

नंतर येऊनही कॉमा मागणारे शब्द विरोध दाखवणारे असतात. 'ऑल्दो' आणि 'व्हेअरॲज' बहुधा त्यात येतात. 'व्हाइल' दोन्हीकडचा आहे. 'जेव्हा' या अर्थी असेल तर कॉमा नको, 'उलट' या अर्थी असेल तर हवा: माय सिस्टर वर्क्स इन अंधेरी, व्हाइल आय वर्क इन फोर्ट. हा कॉमा काढला तर वाचणाऱ्याला वाटेल, मी फोर्टात काम करते त्या वेळात बहीण अंधेरीत काम करते.

पायरी ३: मराठी जोड्या तोडा

मराठीला जोडीने बोलायची सवय आहे. जरी म्हटलं की तरी आलंच. जेव्हा-तेव्हा, ज्याअर्थी-त्याअर्थी, जो-तो. आपल्या भाषेचं हे वैभव आहे. इंग्रजीला मात्र एका सांध्याला एकच जोडशब्द लागतो. दुसरा अर्धा तिथे कॉमाच करतो.

चूक: ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट टू शिवाजी पार्क.
बरोबर: ऑल्दो इट वॉज रेनिंग, वुई वेन्ट टू शिवाजी पार्क.
हेही बरोबर: इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट टू शिवाजी पार्क.

'ऑल्दो' ठेवा नाहीतर 'बट' ठेवा, दोन्ही नकोत. 'सिन्स' किंवा 'ॲज'ने सुरुवात केली तर पुढे 'सो' नको. 'व्हेन'नंतर 'देन' नको. 'इफ'नंतरचा 'देन' चुकीचा नाही, पण रोजच्या पत्रात तो न लिहिलेला बरा.

जो-तोची जोडी सगळ्यात चिवट. 'काल जे गृहस्थ आले होते ते माझे मामा' हे मराठीत स्वच्छ वाक्य. इंग्रजीत त्याचं होतं, 'द मॅन हू केम येस्टरडे, ही इज माय अंकल.' कर्ता एकदा येऊन गेलाय, त्याला 'ही' म्हणून परत बोलवायचं कारण नाही: द मॅन हू केम येस्टरडे इज माय अंकल. कॉमाही गेला, 'ही'ही गेला.

एका ठिकाणी मात्र इंग्रजी आपल्यासारखीच जोडी मागते. जितकं-तितकं, जसजसं-तसतसं: द मोर यू रीड, द बेटर यू राइट. दोन्ही 'द' लागतात आणि मधे कॉमा लागतो.

पायरी ४: 'म्हणून' दिसला की थांबा

माझ्या मते मराठी माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त हाच शब्द फसवतो. मराठी व्याकरणातही तो एका घरात बसत नाही. कधी परिणाम सांगतो, कधी उद्देश, कधी कुणाचं बोलणं. ही दोन वाक्यं बघा:

लवकर निघाले म्हणून जागा मिळाली.
जागा मिळावी म्हणून लवकर निघाले.

पहिल्यात परिणाम आहे, जागा खरोखर मिळाली. इंग्रजीत 'सो', बरोबरीचा जोडशब्द, आधी कॉमा: आय लेफ्ट अर्ली, सो आय गॉट अ सीट. दुसऱ्यात हेतू आहे, जागा मिळाली की नाही ते कळत नाही. इंग्रजीत 'सो दॅट', अवलंबून ठेवणारा जोडशब्द, कॉमा नाही: आय लेफ्ट अर्ली सो दॅट आय वुड गेट अ सीट. मराठीत हा फरक क्रियापदाचं 'मिळावी' हे रूप दाखवतं. इंग्रजीत तो 'दॅट' आणि कॉमा यांनी दाखवायचा असतो.

आता नोकरीच्या मुलाखतीसाठी एका मुलीने लिहून आणलेलं वाक्य:

आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज द सॅलरी वॉज लो.

तिला म्हणायचं होतं, 'नोकरी सोडली, पण पगार कमी हे त्याचं कारण नव्हतं.' वाक्य त्या अर्थाने बरोबर आहे, कॉमाशिवाय. 'बिकॉज'च्या आधी कॉमा दिला तर अर्थ उलटतो: नोकरी सोडलीच नाही, आणि न सोडण्याचं कारण कमी पगार. मराठीतही 'पगार कमी म्हणून मी नोकरी सोडली नाही' या वाक्याचे दोन अर्थ होतात, बोलताना आपण आवाजाने ते वेगळे करतो. कागदावर आवाज नसतो. म्हणून आधी नकार आणि मागून 'बिकॉज' असं वाक्य आलं की मी ते सरळ मोडायला सांगते. तिने शेवटी लिहिलं, 'आय लेफ्ट द जॉब, बट लो सॅलरी वॉज नॉट द रीझन.' आता चुकीचं वाचायला जागाच नाही.

'कारण'चा आणखी एक धोका आहे. मराठीत 'तो आला नाही. कारण तो आजारी होता.' असं दोन वाक्यांत लिहिलेलं आपल्याला खटकत नाही. इंग्रजीत 'बिकॉज ही वॉज इल.' एवढंच वाक्य म्हणून पूर्णविराम देऊन उभं केलं तर औपचारिक लेखनात ते अर्धवट मानतात. ते आधीच्या वाक्याला जोडून टाका.

पायरी ५: नुसत्या कॉमाने दोन वाक्यं शिवू नका

'पाऊस कोसळत होता, गाड्या बंद होत्या, आम्ही चालत निघालो.' मराठीत हे छान चालतं, त्याला एक लयही आहे. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता कॉमा टाकणं ही मोठी चूक धरतात, परीक्षक तिच्याभोवती गोल करतात. दुरुस्तीचे तीन मार्ग: पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, किंवा कॉमाबरोबर सातांपैकी एक जोडशब्द द्या.

ऑन २६ जुलै २००५, सांताक्रूझ रेकॉर्डेड ९४४ मिलिमीटर्स ऑफ रेन इन ट्वेन्टी-फोर अवर्स, अँड द सिटी केम टू अ हॉल्ट.

तारखेनंतरचा पहिला कॉमा प्रस्तावनेच्या तुकड्यासाठी आहे, शेवटचा दोन वाक्यांच्या सांध्यासाठी. त्यातला 'अँड' काढून पाहा, वाक्य लगेच सांध्यातून निखळतं.

याच पायरीवर 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोअरओव्हर' यांची गाठ पडते. हे शब्द जोडशब्दांसारखे दिसतात, पण ती क्रियाविशेषणं आहेत. त्यांच्यात दोन वाक्यं धरून ठेवायचं बळ नाही.

चूक: आय रीच्ड द स्टेशन, हाउएव्हर, द ट्रेन हॅड लेफ्ट.
बरोबर: आय रीच्ड द स्टेशन; हाउएव्हर, द ट्रेन हॅड लेफ्ट.

ओळखायची खूण सोपी. 'हाउएव्हर' उचलून दुसऱ्या वाक्याच्या मधे किंवा शेवटी ठेवता येतो: द ट्रेन, हाउएव्हर, हॅड लेफ्ट. 'बट' असा हलवता येत नाही. जो हलतो तो जोडत नाही. अर्धविरामाची धास्ती वाटत असेल तर पूर्णविराम देऊन मोकळे व्हा, काही बिघडत नाही.

पायरी ६: जिथे कॉमा नकोच

मराठीत आपण 'तो म्हणाला, की' किंवा 'तो म्हणाला की,' असं लिहितो. त्या सवयीने 'ही सेड दॅट, द मीटिंग इज कॅन्सल्ड' असं लिहिलं जातं. 'दॅट'च्या आधी नको आणि नंतरही नको: ही सेड दॅट द मीटिंग इज कॅन्सल्ड. प्रत्यक्ष उद्गार अवतरणचिन्हात देणार असाल, तरच 'सेड'नंतर कॉमा.

दुसरी जागा कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्या मधली. कर्ता लांबलचक असला की तो संपल्यावर दम घ्यावासा वाटतो: 'द एट-फोर्टीन लोकल फ्रॉम डोंबिवली, इज ऑल्वेज क्राउडेड.' दम घ्या, पण कॉमा देऊ नका. कर्त्याला आणि क्रियापदाला तोडणारा एकटा कॉमा इंग्रजीत चालत नाही. मधे काही घालायचं असेल तर दोन्ही बाजूंना एकेक, कंसासारखी जोडी हवी.

पायरी ७: हू आणि विच, पुन्हा ती नोटीस

कंसासारखी जोडी म्हणजे काय, तर मधला मजकूर काढून टाकला तरी वाक्य कुणाबद्दल आहे ते कळतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस जगात एकच आहे. त्याच्याबद्दल दिलेली माहिती ही जादाची माहिती:

सीएसएमटी, विच बिकेम अ वर्ल्ड हेरिटेज साइट इन २००४, इज अ वर्किंग स्टेशन.

मधला तुकडा काढा, स्टेशन कोणतं ते कळतंच. म्हणून दोन कॉमा. याउलट:

द स्टेशन विच इज निअरेस्ट टू माय हाउस इज चिंचपोकळी.

मधला तुकडा काढला तर 'द स्टेशन इज चिंचपोकळी' एवढंच उरतं, कोणतं स्टेशन ते हरवतं. तो तुकडा ओळख पटवतोय, म्हणून कॉमा नाही.

अर्जात भावंडांबद्दल लिहिताना हे फार जपावं लागतं. 'माय ब्रदर, हू लिव्ज इन ठाणे, इज अ टीचर' म्हणजे भाऊ एकच, आणि तो ठाण्यात राहतो. कॉमा काढले तर भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यातला ठाण्यातला शिक्षक आहे. माझ्या नोटिशीतले सभासद तर ओळख पटवूनच वेगळे काढायचे होते, आणि मी त्यांना कंसात घातलं होतं.

पायरी ८: यादी

यादीत प्रत्येक वस्तूनंतर कॉमा, शेवटच्या आधी 'अँड'. त्या 'अँड'च्या आधी कॉमा द्यायचा की नाही यावर दोन प्रथा आहेत. देणाऱ्या प्रथेला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी उद्देशिकेत तो नाही: जस्टिस, सोशल, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल. पुढे एकेक मूल्य वेगळं करायला अर्धविराम आहे, कारण आतल्या यादीने कॉमा आधीच वापरलेला आहे. सुरुवातीला 'वुई, द पीपल ऑफ इंडिया,' यात सातव्या पायरीतली कंसासारखी जोडी दिसेल. उद्देशिका इंग्रजीत एकदा हाताने उतरवून काढा, चिन्हांसकट. तासाभराच्या शिकवणीपेक्षा जास्त मिळेल.

नेहमीच्या पत्रात कोणतीही प्रथा पाळा, पण एका कागदावर एकच. अर्थ डळमळत असेल तर मात्र कॉमा द्याच. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात, ज्या कामांना ओव्हरटाइम नाही त्यांची एक यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते, 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता. मग वितरण हे वेगळं काम, की पॅकिंगच शिपमेंटसाठी किंवा वितरणासाठी? ओकहर्स्ट डेअरीचे ट्रक ड्रायव्हर माल वाटायचे, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही संदिग्धता मान्य करून कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला आणि २०१८ मध्ये प्रकरण ५० लाख डॉलरवर मिटलं. एका न दिलेल्या कॉमाने कष्टकऱ्यांना त्यांच्या घामाचे पैसे मिळवून दिले, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते.

संबोधनाआधीचा कॉमा विसरू नका: 'थँक यू, मॅडम', 'गुड मॉर्निंग, सर'. 'आयदर-ऑर', 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' या जोड्या दोन शब्दांना जोडत असतील तर कॉमा नको.

शेवटी एक परिच्छेद दुरुस्त करू. नळाच्या तक्रारीचा असा मसुदा माझ्याकडे नेहमी येतो:

ऑल्दो वुई कम्प्लेन्ड ट्वाइस बट नो वन केम. द पाइप निअर द गेट इज लीकिंग, वॉटर इज एन्टरिंग द रूम्स. वुई हॅव ऑल्सो रिपोर्टेड दॅट, द प्रेशर इज लो. काइंडली सेन्ड समवन टू चेक द पाइप, अँड रिपेअर इट.

पेन्सिल घ्या. पहिल्या वाक्यात जरी-तरीची जोडी आहे, 'बट' काढा आणि त्या जागी कॉमा द्या. दुसऱ्यात दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने शिवलीत, 'अँड' घाला. तिसऱ्यात 'दॅट'नंतरचा कॉमा पुसा. चौथ्यात 'चेक' आणि 'रिपेअर' ही एकाच माणसाची दोन कामं, मधला कॉमा पुसा. आता ते असं होईल:

ऑल्दो वुई कम्प्लेन्ड ट्वाइस, नो वन केम. द पाइप निअर द गेट इज लीकिंग, अँड वॉटर इज एन्टरिंग द रूम्स. वुई हॅव ऑल्सो रिपोर्टेड दॅट द प्रेशर इज लो. काइंडली सेन्ड समवन टू चेक द पाइप अँड रिपेअर इट.